थैल्या सांभाळणारा

वडवणीच्या आठवडी बाजारात, कांद्याच्या ढिगांशेजारी एक माणूस टेबल मांडायचा. त्यावर गावच्या वाचनालयाची पुस्तकं आणि मागं कापडी फलक: 'वाचनालय सर्वांचं आहे.' मी तिथंच बसची वाट बघत उभा असायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

कुणी थांबलं की तो बाहीनं धूळ पुसून पुस्तक पुढं करायचा. "घरी न्या, वाचून आणून द्या. पैसे लागत न्हाईत."

"फुकट कावून? इलेक्शन आलंय का?" असं विचारून लोक पुढं जायचे.

पण हा माणूस दिवसभर जागचा हलत नाही, हे बायकांनी बरोबर हेरलं. भाजी घेतली की थैली त्याच्या टेबलाखाली सारून त्या बांगड्या बघायला जाऊ लागल्या. खाली जागा पुरेना तेव्हा थैल्या टेबलावर आल्या आणि पुस्तकं कोपऱ्यात गेली. तो कुणालाच नको म्हणायचा नाही.

एकदा मेथीची जुडी पुस्तकांवरून उचलत तो मला म्हणाला, "लोकांचा माझ्यावर लई भरोसा हाय. फकस्त पुस्तक पुढं केलं की हात मागं घेतेत."

पोळ्यानंतर तो दिसला नाही. त्याच्या जागी एक म्हातारी दोन्ही हातांत थैल्या धरून इकडंतिकडं बघत होती.

"वाचनालय बंद पडलं, आजी," मी म्हणालो.

"पडलं आसंल," ती म्हणाली. "पण आता थैल्या ठेवायच्या कुठं?"