कॅरिअरवरची जागा

लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा यांच्याकडे एक काळी सायकल होती आणि तिच्या कॅरिअरवर माझी जागा होती. जागा म्हणजे लोखंडाच्या चार पट्ट्या. रविवारी संध्याकाळी मी तिथे डावीकडे पाय सोडून बसायचे आणि हे मला काळ्या तलावावर न्यायचे.

घरात हे माझ्याशी फारसे बोलत नसत. दोन खोल्या, त्यात सासूबाई. त्यांच्या देखत बायकोशी काय बोलणार? सायकलवर मात्र बोलायचे. पाठ माझ्याकडे असायची म्हणूनही असेल. चढाला धापा टाकत बोलायचे, उताराला भरभर. कारखान्यात कोण कोणाला काय म्हणालं, साहेबाने कसे डोळे वटारले, लहानपणी पोहताना कसे बुडणार होते. मी मागून ‘हं’ म्हणायचे. माझं माहेर लांब कोकणात. शेजारच्या बायका नळावर बोलायच्या तेव्हा मला काय बोलावं ते सुचायचं नाही, मी कळशी भरून निघून यायचे. आठवडाभरात माझ्याशी म्हणून कोणी बोललं तर ते रविवारी, कॅरिअरवर.

मग इंजिन आलं. यांचा कारखाना आंबिवलीकडे, रोज सायकल मारून पाय भरून यायचे. गावी परत जाणाऱ्या एका साहेबाकडून यांनी सायकलला लावायचं छोटं इंजिन घेतलं. ते मागच्या चाकाच्या वर बसायचं. इंजिनाला एक खरबरीत रोलर होता. पाट्यावर वरवंटा टेकावा तसा तो टायरवर टेकायचा, फिरायला लागला की टायरला ढकलायचा आणि सायकल पळायची. इंजिनाला जागा हवी म्हणून कॅरिअर काढला. सासूबाईंनी तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टाकून त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

पहिल्या रविवारी मी सवयीने चांगलं पातळ नेसून बाहेर आले. हे पायरीवर इंजिन उघडून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “कुठे निघालीस?”

मी आत जाऊन पातळ बदललं.

पावसाळ्यात रोलर ओल्या टायरवरून घसरायचा. हे चिंब होऊन सायकल ढकलत घरी यायचे. टायर तर असा झिजायचा की सुताचे धागे दिसायचे. तरी यांनी तसंच रेटलं असतं, पण खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं मांडून पूजा करतात. यांचे पाने, पकडी, हातोडी पाटावर मांडली. सायकलला झेंडूची माळ घातली. आणि हे अंघोळीला गेलेले असताना सासूबाईंनी इंजिनाला, रोलरला, वर टायरलाही हाताने गोडं तेल चोपडलं.

दसऱ्याच्या सकाळी हे सायकलवर बसले. इंजिन सुरू झालं, केवढ्यांदा ओरडलं, धूर झाला, रोलर गरागरा फिरला आणि सायकल होती तिथेच. समोरच्या गॅलरीतून एक शेजारी ओरडले, “काय हो, यंदा सीमोल्लंघन दारातच का?”

यांनी बोट लावून पाहिलं. “आई, अगं रोलरला कोणी तेल लावतं का?”

“सणाला हत्यार कोरडं ठेवायचं? तुझ्या वडिलांच्या करवतीला मी दरसाल लावलंय.”

“करवत टायरवर चालते का?”

“मग असलं यंत्र आणावं कशाला, ज्याला तेल सोसत नाही!”

मी तोंडाला पदर लावला तरी हसू फुटलं. यांनी वर पाहिलं आणि हेही हसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

त्याच दिवशी यांनी ठरवलं, रोलर नको, चेन बसवायची. इंजिन खाली आणायचं, सायकलच्या नळ्यांच्या त्रिकोणात. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला दात्यांची चकती, आणि इंजिनापासून तिथपर्यंत चेन. पायडलची चेन उजवीकडे असते, म्हणून ही डावीकडे. हे सासूबाईंना सांगत होते, मी भाकऱ्या थापत ऐकत होते. मला एवढंच कळलं की चाकाच्या वरची जागा मोकळी होणार.

दुसऱ्या दिवशी मी बरण्या उतरवल्या. कॅरिअर राख लावून काथ्याने घासला, गंज जाईपर्यंत. आणि यांना दिसेल असा दाराशी टेकवून ठेवला. हे त्याला वळसा घालून कामावर गेले.

पुढचे कितीतरी रविवार त्या कामात गेले. मला हाक यायची. “धर.” “सोड.” “अगं, पलीकडून धर.” मी चाक धरून बसायचे. चकती नुसती आवळली तर चाकाच्या तारा तुटतील, मध्ये रबर हवं, म्हणून झिजलेल्या टायरचे तुकडे मी विळीवर कापून दिले. विळीची धार गेली, सासूबाई पुटपुटल्या. पहिली चकती लहान निघाली. सपाटीवर छान पळे, पण चढ आला की इंजिन गुदमरून बंद. मग जास्त दात्यांची मोठी चकती करून आणली आणि सगळं पुन्हा उघडलं. एवढा वेळ आम्ही जवळजवळ बसायचो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. पण बोलणं ‘धर’ आणि ‘सोड’च्या पुढे जायचं नाही.

एका सकाळी यांनी आपणहून कॅरिअर उचलला आणि मागे बसवला. मी हातातलं निवडणं टाकून बाहेर आले. हे सुती चिंधीला हात पुसत खुशीत उभे होते.

“कशी झालीय?”

मी बघत राहिले. कॅरिअरच्या डाव्या बाजूला, बायकांचे पाय जिथे सुटतात बरोबर तिथे, नवी चेन उघडी पळणार होती.

“अहो,” मी म्हटलं, “माझं पातळ अडकेल.”

यांनी चेनकडे पाहिलं, कॅरिअरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अरे! खरंच की.”

म्हणजे कॅरिअर जेवणाचा डबा बांधायला लावला होता. एवढे रविवार मी समोर चाक धरून बसले होते, पण मागे बसलेली मी यांच्या डोळ्यांपुढे एकदाही आली नव्हती. मी चहा ठेवायला आत गेले.

पण पुढच्या रविवारी यांनी तुपाचा रिकामा डबा कापायला घेतला. सासूबाई धावत आल्या. “अरे, तो मी तांदळाला ठेवला होता!”

“चेनवर पत्रा लावतोय, आई. तिच्या पायाला लागेल.”

सासूबाईंसमोर म्हणाले. मी आतून ऐकलं आणि तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी निघालो. तेच चांगलं पातळ नेसले होते. पत्र्याच्या आड चेन सळसळत होती, पाय सुरक्षित होते. हे काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही. मी मोठ्याने “काय?” विचारलं, तर यांनाच ऐकू गेलं नाही. मग दोघंही गप्प बसलो. रस्ता तोच, पण बघता बघता संपला.

तलावावर यांनी शेंगा घेऊन माझ्या हातात पुडी दिली आणि सायकलपाशी उकिडवे बसले. पत्र्याखाली बोट घालून चेन दाबून पाहिली. “थोडी ढिली पडलीय.”

“हं,” मी म्हटलं.

शेंगा सोलून मी कागदावर दाण्यांचे दोन वाटे केले. यांची पाठ माझ्याकडे होती, पूर्वीसारखीच. “शेंगा घेता ना?”

“हात काळे झालेत. तू खा.”

आजूबाजूला माणसं होती. नाहीतर मी भरवले असते का, ते आता सांगता येत नाही. माझा वाटा खाल्ला, यांचा कागदात बांधून घेतला.

परतताना चढ आला. पूर्वी इथेच हे धापा टाकत पोहण्याची गोष्ट सांगायचे. आता मान अर्धी वळवून, इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडले, “बघ! जरासुद्धा दम लागत नाही!”

खरंच होतं. यांना अजिबात धाप लागली नव्हती. मी एका हाताने कॅरिअर धरला होता, दुसऱ्या हातात दाण्यांची पुडी. चढ संपला, आणि घर आलं.