नानांची भट्टी आणि तरंगतं चुंबक

मित्रहो, प्रयोगशाळेतून थेट येऊन हा कागद फळ्यावर लावतोय. दुपारी इथे, धुळ्यात, आपल्या कॉलेजात चुंबक हवेत तरंगलं!

त्याच्याखाली होती इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडची काळी वडी, म्हणजे सुपरकंडक्टर. खूप गार केली की तिच्यातून वीज बिनविरोध धावते आणि ती चुंबकाला वरच्या वर झेलते. माझ्या पहिल्या तीन वड्या मात्र फुकट गेल्या. "हे पुण्या-मुंबईचं काम," असं स्टाफरूममध्ये ऐकूनही घेतलं.

मी तापलेली वडी चिमट्याने लगेच भट्टीबाहेर काढायचो. प्रयोगशाळेतले शिपाई नाना हे कुंभाराच्या घरातले. ते म्हणाले, "सर, घाई कसाले करतस? भट्टी आपेआप निवू द्या."

चौथ्या वेळी दोन दिवस भट्टी उघडलीच नाही. सावकाश निवताना वडीने हवेतला ऑक्सिजन शोषला. तोच कमी पडत होता!

आज गुरांच्या दवाखान्यातून, वळूचं वीर्य ज्यात गोठवतात तो द्रव नायट्रोजन आणला, वडीवर ओतला, वर चुंबक सोडलं. ते अधांतरी थांबलं. नानांनी खालून कागद सरकवून खात्री केली.

प्रयोगवहीत 'मार्गदर्शक' म्हणून मी नानांचं नाव लिहिलंय. कोणाची हरकत? असेल त्याने आधी एक चुंबक तरंगवून दाखवावं.