पानांचं अगदाल

लल्ला इज्जा आमच्या रोपवाटिकेत एकवीस वर्षं अर्गान या तेलबियांच्या झाडाची रोपं वाढवतेय, आणि तेवढीच वर्षं मी ती रोपं टेम्पोतून डोंगरावर नेतोय आणि तिची बोलणी खातोय. "हळू चालव रे! शेळ्या नाहीत मागे, पोरं आहेत माझी!" शेळ्यांनी तिचं काय घोडं मारलंय, असं मात्र मी विचारत नाही. गावामागचा उतार त्यांनीच बोडका केला.

तिच्या वडिलांच्या वेळी तिथे रान होतं. तीन वर्षं तिने तिथे रोपं लावली, तिन्ही वर्षं ती वाळली. यंदा पंचांचा म्होरक्या दादा बीही म्हणाला, "ही शेवटची खेप. वसंतात जिवंत दिसली नाहीत, तर उतार शेळ्यांना कायमचा मोकळा."

इज्जा हटली नाही. प्रयोगशाळेतल्या वफा मॅडमनी एक हॉर्मोन आणलं होतं. तहान लागली की झाड ते स्वतःच तयार करतं, त्याने पानांची बारीक छिद्रं मिटतात आणि आतलं पाणी उडून जात नाही. तेच लागवडीआधी फवारायचं, म्हणजे मुळं खोल जाईपर्यंत रोप तग धरतं. गावाला ते औषध म्हणजे विषच वाटलं. मग इज्जा पंचांसमोर उभी राहिली.

"फळं पिकेपर्यंत आपण रान बंद करतो, अगदाल लावतो, की नाही? आता पानांनी अगदाल लावलंय. आठवड्याचं पाणी मी घालीन. मध्ये कुणी लाड करायचे नाहीत."

शंभर रोपं लागली. पाऊस फिरकलाच नाही. बहुतेक रोपं बोटभरही वाढेनात. "लल्ला, झाडं लावलीस की शेळ्या बांधायच्या खुंट्या?" बायका विचारायच्या. ती पाणी घालत राहायची.

मग वसंताच्या तोंडावर पूर्वेचा गरम वारा तीन दिवस सुटला. चौथ्या सकाळी पंच उतारावर आले. वाटेकडेची अख्खी ओळ करपली होती. "संपलं," बीही म्हणाला.

इज्जा त्याच्याकडे न बघता वरच्या ओळीत जाऊन बसली. नखाने एक खोड खरवडलं. आत हिरवं. दुसरं, हिरवं. मग आम्ही सगळेच खरवडायला लागलो. वरच्या ओळींत फक्त तीन रोपं मेली होती.

ती वाटेकडेच्या ओळीशी परतली. मेलेल्या रोपांवर लांब, कोवळे धुमारे वाळून लोंबत होते. तिने माती चाचपली.

"ही ओली कशी? कुणी पाजलं यांना?"

बीहीच्या हातात वजूची, नमाजाआधी हातपाय धुण्याची किटली होती. पहाटेच्या नमाजाला तो याच वाटेने जातो-येतो, आणि उरलेलं पाणी आमच्यात कुणी वाया घालवत नाही.

"मीच," तो म्हणाला. "तहानलेली दिसायची गं. राहवलं नाही."

आता ही फाडून खाणार, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "दादा, दार लावून बसलेल्यांना तू रोज हाका मारल्यास. त्यांनी उघडलं, आणि वाऱ्याने आतलं पाणी नेलं."

त्या संध्याकाळी बीही मशिदीच्या गच्चीवर चढला. अगदालची हाक तिथूनच देतात.

"उतार बंद! पाच वर्षं बंद! पहिल्या माझ्या शेळ्या बंद!" मग तो आणखी मोठ्याने ओरडला, "आणि बीहीची किटलीही बंद!"

सगळं गाव हसलं. लल्ला इज्जा तेवढी ओढणीत तोंड घालून रडत होती.