बाईंच्या बाटल्या

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही मला नीट कळत नाही. कोरेगावला चौथी झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर मालकांना मिल्ट्रीत पत्र लिहिण्यापलीकडे हात चालला नाही. चुकलं असेल तिथं समजून घ्यावं.

बाई गेल्याचं कॉलेजच्या शिपायानं येऊन सांगितलं. सुट्टीला साताऱ्याला भावाकडे गेल्या होत्या, तिथंच छातीत दुखायला लागलं... जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "बाटल्यांवर कडक ऊन येऊ देऊ नका, पारूबाई."

सांगलीतल्या आमच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. कॉलेजात झाडापानांचं शिकवायच्या आणि सुट्टीला शेवाळ गोळा करत हिंडायच्या, आणलेलं खिडकीतल्या बाटल्यांत वाढवायच्या. शेजारच्या गंगूमावशी म्हणायच्या, "एवढी शिकल्याली बाई, आन् म्हशीच्या डबक्यात उतरती." एकदा बाईंनी माझ्या लोणच्याच्या बरणीत कसलंसं हिरवं भरून आणलं. मी धीर करून विचारलं, "आवं बाई, ह्याला मीठ किती लावू?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून आम्ही बोलायला लागलो. म्हणजे त्या बोलायच्या, मी ऐकायची. घरात मी एकटी, खोलीत त्या एकट्या. संध्याकाळी त्या चुलीपाशी येऊन बसायच्या.

मला वाटायचं शेवाळ एकच, पाय घसरवणारं. त्यांच्याबरोबर हिंडले तेव्हा कळलं. कृष्णेच्या घाटावरच्या दगडांचा तपकिरी, बुळबुळीत थर निराळा. त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेका कणाचं म्हणे काचेचं घर असतं. कुंडलच्या एका विहिरीत तळाशी झुडपासारखं वाढलेलं, चुरडलं की लसणासारखा वास यायचा. पाणी पाजून पाजून खारवलेल्या उसाच्या रानात मातीवर काळपट निळे पापुद्रे. आणि साताऱ्याकडच्या घाटात झाडांच्या सालीवर चक्क शेंदरी.

"हे तर हिरवं न्हाई," मी म्हणाले.

"आतून हिरवंच आहे हो. वरून शेंदूर फासून बसलंय."

दुष्काळात त्यांनी कवठे महांकाळकडच्या आटलेल्या तळ्यातली माती पुडीत बांधून आणली, बशीत ठेवली आणि वर पाणी घातलं. काही दिवसांनी बशीत हिरवी झाक आली.

"मेलं न्हवतं व्हय हे?"

"नाही. पाणी येईपर्यंत पडून होतं."

मालक तेव्हा वर्षातून एकदाच घरी यायचे. मी बराच वेळ ती बशी हातात धरून बसले.

तेरावं झाल्यावर बाईंचे भाऊ खोली मोकळी करायला आले. भला माणूस. पुस्तकं बांधली, कपडे बांधले. बारीक बघायचं यंत्र कॉलेजचं होतं, ते शिपाई घेऊन गेला. खिडकीतल्या बाटल्या बघून भाऊ म्हणाले, "हे घाण पाणी कशाला साठवलं होतं हिनं?" मी दाराआड पदर धरून उभी होते. सगळं सांगायचं होतं. कुठलं कुंडलचं, कुठलं घाटावरचं... ते माझ्याकडे वळून म्हणालेही, "वहिनी, तिची आठवण म्हणून यातलं काही हवं का तुम्हाला?"

एक बाटली. एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "न्हाई, कशाला."

त्यांनी आपणहून बाईंचा स्टोव्ह माझ्यासाठी ठेवला. बाटल्या एकेक करून परसातल्या मोरीत ओतल्या, विसळल्या, पोत्यात भरल्या. मी आत जाऊन चहा ठेवला.

परवा मोरीच्या तोंडाशी, दगडाच्या कपारीत, केसाएवढे हिरवे तंतू दिसले. पहिल्यांदा नुसतीच बघत राहिले. आता साबणाचं पाणी मी बादलीनं बाहेर गटारात नेऊन टाकते. मोरीत घागर विसळलेलं तेवढं सोडते.

गंगूमावशी काल आल्या होत्या. "अगं, घासून काढ की ते. पाय घसरंल."

"ऱ्हाऊ द्या ते."

"काय म्हणलीस?"

"ऱ्हाऊ द्या म्हणलं. माझं हाय ते."

इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

ते कुठल्या बाटलीतलं आहे, हे मात्र मला ओळखता येत नाही. सगळ्या बाटल्या एकाच मोरीत गेल्या. वास घेऊन पाहिला, लसणाचा येत नाही. म्हणजे कुंडलचं नसावं...