आत्याचा पंखा आणि पाहुणा कॅरम

नेवाशाला आत्याच्या घरी पाहुण्याला चहा मिळे, जेवण मिळे, दुपारी लोळायला सतरंजी मिळे. फक्त पंख्याला हात लावायला मिळत नसे. रेग्युलेटर दोनवर ठेवून तिने त्यावर जखमेची चिकटपट्टी आडवी मारली होती. "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं," असं ती म्हणे. "आल्या आल्या यजमानाचा पंखा फिरवणारा माणूस उद्या भिंत पाडायला सांगेल." मे महिन्यात आम्ही भाचे मंडळी घामाने निथळत बसायचो आणि वर पंखा रमतगमत फिरायचा.

हा नुसता हेकटपणा नव्हता. तिला अर्धशिशी होती. डोक्यावर वाऱ्याचा झोत आला किंवा ट्यूब फडफडली की तिचं अर्धं कपाळ ठणकायला लागे. पण आपल्या दुखण्याचं रडगाणं तिने कधी गायलं नाही; त्यापेक्षा नियम करणं तिला सोपं वाटे. शाळेत जन्म गेलेली बाई, दुसरं काय करणार! सगळं गाव तिला बाईच म्हणायचं.

तिची मुलगी मंजू लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिने आपला जुना कॉम्प्युटर आईकडे पाठवून दिला. मॉनिटर मागे भलं मोठं पोट सुटलेला. त्याचा पडदा सेकंदाला साठ वेळा उजळे, आणि तो आत्याला लपलपताना दिसे. मला काही दिसत नव्हतं, पण तिला दिसतंय म्हटल्यावर मी तो आकडा पंच्याऐंशीवर नेला. पडदा स्थिर झाला. आत्याने मान डोलावली आणि बजावलं, "आता ह्याला कुणी हात लावायचा नाही."

हात लावला तो कॅरमने. मंजूने इंटरनेटवरून खेळायचा कॅरम घालून दिला होता. रविवारी दुपारी ती तिकडे, आत्या इकडे, शेजारी फोन चालू, असा दोघींचा डाव रंगे. पण डाव संपला की आत्या कपाळाला सुंठीचा लेप लावून आडवी होई. मॉनिटरचं बटण दाबलं की चालू आकडा दिसे, हे तिनेच हेरलं. एरवी पंच्याऐंशी, कॅरम सुरू केला की साठ, बंद केला की पुन्हा पंच्याऐंशी.

मी तेव्हा सुप्याच्या कारखान्यात होतो. सुट्टीला नेवाशाला गेलो की त्या आकड्याच्या मागे लागायचो. मी पंच्याऐंशी करायचो, कॅरम साठ करायचा. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली. "बाई, ह्याचं लई वय झालंय. नवा घ्या."

"वय माझंही झालंय," आत्या म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

मीही कंटाळलो होतो. म्हटलं, आत्या, खेळ सोडून दे ना, मंजूशी नुसतं फोनवर बोलत जा. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाढा चुकलो.

"नुसत्या फोनवर ती बरी असते रे," ती म्हणाली. "सोंगटीवर नेम धरला की खरं बोलते. नोकरी गेल्याचं तिनं मला राणी टिपता टिपता सांगितलं. नवऱ्यालासुद्धा तोवर बोलली नव्हती."

ही बाई दर रविवारी लेकीच्या एका खऱ्या वाक्यासाठी डोकं फोडून घेत होती.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, की हा कॅरम सगळा पडदा अडवून का बसतो? मी म्हटलं, तशीच पद्धत असते, पूर्ण पडदा त्याच्या ताब्यात जातो. "मग चूक आपलीच," आत्या म्हणाली. "पाहुण्याला सगळं घर दिल्यावर तो पंखा फिरवणारच. त्याला ओसरीवर बसव."

मी हसलो, पण कॅरमच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. खेळ पूर्ण पडद्यावर न ठेवता छोट्या चौकटीत चालवायची सोय होती. तशी केली आणि मॉनिटरचं बटण दाबलं. पंच्याऐंशी. कॅरम ओसरीवर मुकाट बसला होता. त्या रविवारी आत्याने तीन डाव खेळले आणि नंतर थालीपीठं लावली. मला तिचा असा अभिमान वाटला की मी गरम होतंय हेसुद्धा म्हटलं नाही.

पुढे आत्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि मंजू तिला पुण्याला घेऊन गेली. मी भेटायला गेलो तर पंखा गरगर फिरत होता आणि आत्या कानाला शाल गुंडाळून बसली होती. मी रेग्युलेटरकडे निघालो, तशी तिने मला अडवलं. "राहू दे. इथं मी पाहुणी."

मंजू दारात उभी होती, तिने ते ऐकलं. ती आत गेली, औषधाच्या डब्यातून चिकटपट्टी आणली, पंखा दोनवर केला आणि वर पट्टी आडवी मारली. मग आईच्याच आवाजात म्हणाली, "आता ह्याला कुणी हात लावायचा नाही." आत्याने शाल हळूच खाली घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

आत्या गेली. मंजूकडे रेग्युलेटरवर ती पट्टी अजून आहे. परवा उकाड्यात तिचा नवरा वर्तमानपत्राने वारा घेत बसला होता. मी दुसरं पान उचललं आणि त्याच्या शेजारी बसून वारा घेऊ लागलो.