मूर्तीचे डोळे कुणी आखायचे

शुभदा गेल्याचं मला कॉलेजच्या ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग, आणि त्यात पहिले हात आमच्या संचालकांचे. मला शिसारी आली. महिना उलटला तरी ती जात नाही.

रोह्याच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची, मी गणित. पण तिचं खरं शिक्षण झालं पेणला, वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात. लहानपणी एकदा तिने रिकाम्या बसलेल्या कारागिराला मूर्तीचे डोळे आखायला दिले, म्हणजे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कसबी हाताचं काम, तेव्हा वडील खेकसले होते, "रिकामा हाय म्हणून डोळे नाय द्यायचे गो! आणि ओली मूर्ती या शेडातून त्या शेडात नाचवू नको, बोटं तुटतात." त्या दोन वाक्यांवर तिने आयुष्य काढलं. लॅबमधली नवी-जुनी, कमी-जास्त ताकदीची मशीन्स जोडून ती त्यांच्याकडून एकच मोठं गणित करून घेत होती... उधाणाचं पाणी खारेपाटातल्या, खाडीकाठच्या शेतांच्या, कुठल्या बांधावर आधी चढेल? कुठलं काम कुठल्या प्रोसेसरला द्यायचं, हाच तिचा ध्यास. जड आकडेमोड नव्यांना. ज्या कामांना सतत एकमेकांची उत्तरं लागतात ती एकाच मशीनवर, म्हणजे ने-आण नको. सगळ्यात जुन्या डब्याला ती 'आजोबा' म्हणायची. त्याला असं काम द्यायची की ज्यावाचून कुणाचं अडणार नाही.

एकदा पाहुणे यायचे होते. संचालकांनी फर्मावलं, "मॅडम, सगळ्यांना सारखं काम वाटा. भेदभाव दिसायला नको." तिने परोपरीने समजावलं, पण ऐकतो कोण! नवी मशीन्स आपला वाटा उरकून हाताची घडी घालून बसली आणि पाहुणे आजोबांच्या तोंडाकडे बघत ताटकळले. खापर अर्थात शुभदावर फुटलं. पुढे ती आजारी पडली, पनवेलला उपचार सुरू झाले, आणि इकडे तिला न विचारता मशीन्स भंगाराच्या टेंपोत चढली. आजोबांना भंगारवाल्यानेही नको म्हटलं. मी त्यांना उचलून रोह्याजवळच्या वरसे गावात तिच्या घरी नेलं. तिने बिछान्यातूनच उरलेलं सगळं गणित त्यांच्यावर चढवलं.

"अगं, किती वेळ लागेल याला?" मी म्हटलं.

"लागू दे गो... आता त्याला कुणाची वाट बघायची नाय. एवढं गणित पुरं व्हायला हवं, बस."

ते व्हायच्या आधी ती गेली.

शोकसभेत संचालकांनी कोरडे डोळे पुसले. "मॅडमचं कार्य आम्ही पुढे नेऊ," म्हणाले. निर्लज्जपणा तरी किती असावा! परवा तर हार घेऊन थेट तिच्या घरीच आले. कॉलेजात शुभदाचा स्मृतिकक्ष करायचाय, त्यात काचेच्या कपाटात आजोबांना ठेवायचंय. आता पेणचा कारखाना बघणारा तिचा भाऊ, नंदादादा, दारातून हलला नाही.

"काम बाकी हाय अजून त्याचं," तो म्हणाला. "डोळे आखायच्या आधी मूर्तीला हार घालतात काय, साहेब?"

साहेबांनी हार पिशवीत कोंबला. आत तिच्या टेबलावर आजोबांचा पंखा घरघरत होता.