सीट कव्हरची ओढाताण

दिल्लीच्या करोल बागेत मोटारींची सीट कव्हरं शिवणारे पुष्कळ आहेत. पण डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं की शिवण कुणाची ते सांगणारा मी एकटा! खोटं नाही सांगत. फक्त हल्ली सूनबाई मला दुकानात कशालाच बोट लावू देत नाही.

का, ते ऐका.

त्या दिवशी डोकं आधीच तापलेलं. पूर्वेकडचा स्वस्त माल बाजारात घुसला आणि आमच्या निम्म्या मशिनींवर चादरी पडल्या! वर मेघना, म्हणजे सूनबाई, मलाच शिकवते, "बाबा, आता धंदा तिकडेच चाललाय. व्हिएतनाममध्ये मोटारींचे कारखाने निघतायत. ही ऑर्डर मिळाली ना, तर सगळ्या मशिनी पुन्हा सुरू!"

"सूर्य सोडला तर पूर्वेकडून माझ्याकडे काही चांगलं आलेलं नाही!"

"बरं. तिथले बडे पाहुणे यायचेत, मी मेट्रोवर आणायला जाते. आणि बाबा, मस्करी बिल्कुल नाही!"

ती तिकडे गेली आणि पाहुणा इकडे ऑटोने थेट दारात! पण मला काय ठाऊक? चेहरा पूर्वेकडचा, साधा शर्ट, खांद्यावर बॅग. बॅगवाला येतो तो विकायला, आणि बडं गिऱ्हाईक येतं ते सुटाबुटात, हे माझं शिक्षण. सातवीपर्यंतचं! त्याने बॅगेतून एक सीट कव्हर काढलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि गोड हसला.

हसला! माझ्या मशिनी बंद पाडून वर हसतो?

मीही हसलो. म्हटलं, चलो, याची जिरवू! शेजारचे दुकानदार हाका मारून गोळा केले. डोळे मिटले, बोट फिरवलं. "ये सिलाई इंडिया की हो ही नहीं सकती!"

मग शिवणीत दोन्ही अंगठे घातले आणि ओढली. टर्रर्र! "देखा? ये है इनका माल! एक गर्मी में चिथडे!"

काय टाळ्या पडल्या! मग मी थांबतो होय? दुसरी शिवण. तिसरी! पाहुणा बिचारा गंभीरपणे मान डोलावतोय.

तेवढ्यात मेघना धापा टाकत आली. "बाबा! हे काय केलंत?"

"त्याचा माल त्यालाच दाखवला!"

"त्यांचा? अहो, हा आपला नमुना! मीच पाठवला होता. आज ऑर्डर पक्की करायला आले होते ते. आणि शिवलाय कुणी? तुम्ही!"

पाहुण्याने चिंध्यांची नीट घडी घातली, बॅगेत ठेवली. मेघनाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, मला मान लववली आणि निघाला.

"काय म्हणाला गं?"

"म्हणाले, काकांचं एक अक्षर कळलं नाही. पण मुद्दा पटला."